चार मार्कांचा हापूस

एके सकाळी पावस गावचे एक आंबा बागायतदार आमच्या कृषी पदविका विद्यालयात आले आणि प्राचार्यांना म्हणाले, "हा तुमचा पोरगा परत घ्या."

बिघडलेला मिक्सर दुकानात परत न्यावा, तसा तो मुलगा त्यांनी खरोखरच सोबत आणला होता. आदल्या वर्षी आमच्याकडून पहिल्या वर्गात पास होऊन त्यांच्या बागेत कामाला लागलेला. बागायतदारांना सगळे चाचा म्हणत. उमेदीची सगळी वर्षं कुवेतला क्रेन चालवून ते परतले होते आणि आता वडिलांनी लावलेली हापूसची कलमं सांभाळत होते.

"झालं काय चाचा?" प्राचार्यांनी विचारलं.

"याला म्हटलं आंबे उतरव. यानं दोन क्रेट उतरवले, सगळे देठ मोडून! चीक सांडला फळांवर, डाग पडले. बोललो तर मला सांगतो, चाचा, आंब्याला शास्त्रात मॅन्जिफेरा इंडिका म्हणतात. मी म्हटलं, बोलाव तिला, तिला तरी जमतंय का बघू."

मुलाने मान खाली घातली. मीही घातली, कारण फळबाग हा विषय मीच शिकवायचो.

"सर, देठाचं शिकवत नाय काय तुम्ही?"

"शिकवतो की! फळांची काढणी, चार मार्कांचा प्रश्न आहे. देठ राखावा हा त्यातला दुसरा मुद्दा."

"आणि तुम्ही स्वतः किती आंबे उतरवलेत?"

मी आठवून पाहिलं. मी रत्नागिरी शहरात, एका कारकुनाच्या घरात वाढलो. आंबा मला भेटला तो पेटीतच, गवतात झोपलेला. पदव्युत्तर अभ्यास केला तो गव्हावरच्या तांबेरा रोगाचा. रत्नागिरीत गहू फक्त रेशन दुकानात दिसतो, आणि तिथे त्याला तांबेरा होत नाही.

"एकही नाही," मी म्हणालो.

प्राचार्य नुकतेच एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. ते उत्साहाने म्हणाले, "अभ्यासक्रमाची आणि बागांची सांगड घालायला हवी. समिती नेमतो." समितीत मी एकटाच होतो.

चाचांना समिती पटली नाही. "कुवेतला आमची ट्रेड टेस्ट व्हायची. कागद नाय, पेन नाय. क्रेनमध्ये बसवायचे आणि म्हणायचे, उचल. तुमची पोरं आणा बागेत. तुम्ही पण या, सर."

सोमवारी बावीस विद्यार्थी आणि मी एसटीने पावसला गेलो. परत आलेला मुलगाही बरोबर होता. बागेचा मुकादम नेपाळी होता, हसतमुख, दर हंगामाला चाचांकडे येणारा. सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याने माझ्या हातात झेला दिला. लांब बांबू, टोकाला पातं आणि खाली जाळी. फळ देठासकट कापायचं आणि जाळीत झेलायचं, एवढंच. अर्ध्या तासात मी जाळीत पुष्कळ पानं, दोन वाळक्या काटक्या आणि पक्ष्याचं एक रिकामं घरटं गोळा केलं.

"छान," चाचा म्हणाले. "आता आंबा."

शेंड्याकडच्या फळांना झेला पोचत नव्हता. विद्यार्थ्यांसमोर माघार घेणं बरं दिसेना, म्हणून मी बूट काढले आणि झाडावर चढलो. दुसऱ्या बेचक्यापर्यंत सगळं झकास होतं. तिथे आधारासाठी मी पानांचा एक गुंडाळा धरला. तो हुमल्यांचा वाडा निघाला. हुमले म्हणजे कडकडून चावणारे तांबडे मुंगळे. पुढचं सगळं मी झाडावरून, मोठ्या आवाजात शिकवलं.

"सर, हिलो मत!" दादा खालून ओरडला. न हलणं शक्यच नव्हतं. माझा चष्मा नाकावरून सुटला. दादाने शांतपणे झेला सरकवला आणि चष्मा जाळीत अलगद झेलला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग शिडी लावून त्याने मलाही उतरवलं.

वर्गातल्या एका प्रामाणिक विद्यार्थ्याने हे सगळं प्रात्यक्षिक वहीत लिहिलं. "कृती: सर चढले. निरीक्षण: सर ओरडले. निष्कर्ष: चढण्यापूर्वी झाड नीट पाहावे." मी त्याला पूर्ण मार्क दिले. इतकं खरं काही त्या वहीत पूर्वी कुणी लिहिलं नव्हतं.

परत आल्यावर मी समितीचा अहवाल दिला: काढणीची परीक्षा बागेत व्हावी आणि परीक्षक दादा असावा. कार्यालयातल्या बाई दादाच्या नेमणुकीचा अर्ज घेऊन आल्या. "शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात काय लिहू?"

"चौथी पास."

"आणि अनुभव?"

"पोटापाण्याचा."

बाईंनी तसंच लिहिलं. प्राचार्यांनी डोळे मिटून सही केली.

परीक्षेत आमचा वर्गातला पहिला नंबर साफ आपटला. पहिली आली ती बुरोंडीची एक मुलगी, जी माझ्या तासाला कायम मागच्या बाकावर बसायची. झेल्याने तिने एकही देठ मोडला नाही. मग पिकलेलं, अर्धवट, डागी, सगळं हाताने चाचपून तिने भराभर वेगळं केलं.

"कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"आईबरोबर मासळी निवडते ना सर. डोळे आणि हात तेच, फक्त वास बरा."

चाचांनी तिथल्या तिथे तिला पॅकिंगच्या शेडची जबाबदारी देऊ केली. तिने आधी सुट्ट्या किती, ते विचारलं आणि मग होकार दिला. परत आणलेल्या मुलालाही दादाने आपल्या हाताखाली घेतलं. हंगाम संपेपर्यंत त्याचे देठ शाबूत राहू लागले.

राहिलो मी. "सरांची पण टेस्ट," असा चाचांनी आग्रह धरला. दादाने मला पंचवीसपैकी सात मार्क दिले. त्यातले पाच, तो म्हणाला, खाली जिवंत आल्याबद्दल. पुढच्या हंगामात मी पुन्हा बसलो आणि तेरा मार्क मिळवून पास झालो. ती मार्कशीट मी पेढ्यांसकट घरी नेली. बायकोने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "चला, गच्चीवरची डिश अँटेना वाकडी झाली आहे, ती सरळ करून द्या."