भिंत धुऊन दाखव

“आधी भिंत धुऊन दाखव.”

वायरमन काका माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात हात सुकवायचं मशीन बसवायला ते आले होते आणि मी तिथली सफाईवाली. मशीन नवंकोरं, चकचकीत पत्र्याचं. काकांनी त्याचं खोकं उघडलंसुद्धा नाही. पिशवी खिळ्याला अडकवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोपऱ्यात उभे राहिले.

मला वाटलं, माझं काम तपासायला पाठवलंय. मी धारणीकडची, जंगलपट्ट्यातली, शाळा पाचवीत सुटलेली. इथे कोणी जरा रोखून पाहिलं की माझंच काही चुकलं असं वाटतं. मी हळूच दोन मग पाणी टाकलं.

“रोज अशीच धुतं का वं? कोणी पाहत नसल्यावर कशी धुतं, थे दाखव.”

मग मी पाईप धरला. पंगतीनंतर तंबाखू-सुपारीच्या खर्‍याच्या पिचकार्‍या कुठवर पोचतात ते तुम्हीही पाहिलं असेल; मान वर करूनच पाहावं लागतं. पाणी बेसिनवरून आरशावर, आरशावरून काकांच्या चष्म्यावर. ते खूश! पाणी जिथे संपलं, त्याच्याही दोन हात पुढे त्यांनी पेन्सिलीने खूण केली. ती आली थेट दारापाशी.

“मशीनचा डबा इथं. पाणी काही डब्याले विचारून उडत नाई.”

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. शनिवारी मोठं लग्न होतं आणि बेसिनशेजारी सॉकेट तयार होतं. “चार स्क्रू अन् एक प्लग. त्यासाठी एवढं नाटक?”

काकांनी सॉकेट उघडलं. आत हिरवी अर्थिंगची वायर होती. मग मेन बोर्ड उघडला. तिथे ती पोचलीच नव्हती.

“शेपूट हाय, बैल नाई,” काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून सांगितलं, की मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर तो या वायरीने जमिनीत जायचा. वाट नसेल, तर हात लावणार्‍या ओल्या माणसातून जातो.

“लावा हो सध्या. नाहीतर दुसरा मिस्त्री आणतो,” साहेब म्हणाले.

या भांडणात माझंच काम जाईल, अशी मला धास्ती. मी पुटपुटले, “काका, राहू द्या. मी जपून धुईन.”

“करंट तुयं जपणं पाहत नाई, माय.” मग साहेबांना म्हणाले, “आणा दुसरा. पण शनिवारी भिंत तुमी धुवा. अशीच, चपला काढून.”

साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. साबणावर चप्पल घसरते म्हणून मी अनवाणीच काम करायची. दोन वर्षांत त्या पायांकडे कोणी पहिल्यांदाच पाहत होतं. साहेब निघून गेले आणि तासाभराने खड्डा खणायला माणूस आला.

मागच्या काळ्या मातीत मीठ-कोळसा घालून अर्थिंग झालं. “उन्हाळ्यात तुळशीले घालतं तसं याले बी पाणी घालत जाय.” लग्न पार पडलं, मशीन दारापाशीच लागलं. करंट कुठे गळाला तर आपोआप पडणारा एक स्विचही काकांनी बसवला. त्याचं बटण दर महिन्याला दाबायचं आणि स्विच पडतो का ते बघायचं, हे काम त्यांनी साहेबांना नाही, मला दिलं. मी डोळे मिटून बटण दाबलं. टक्क आवाज झाला आणि मी किंचाळले. काका हसून हसून खाली बसले.

पुढे गुडघ्यांमुळे ते बाळापूरला घरीच असायचे. एका लग्नाच्या सकाळी मी बटण दाबलं, तर स्विच पडेना. मी फोन लावला.

“मशीनचा मेन स्विच उतरवला?”

“उतरवला.”

“कोणाले विचारून?”

“कोणालाच नाही.”

“मंग मले काहून फोन करून राहिली? नवा स्विच लागेपर्यंत मेन वर करू नको.”

तेच आमचं शेवटचं बोलणं. दिवाळीला मी फोन केला, तो त्यांच्या सुनेने उचलला आणि काका गेल्याचं सांगितलं.

त्या लग्नाच्या सकाळी मात्र काकांचा फोन ठेवून मी मशीनपाशी दारात उभी राहिले. नवरदेवाचे मामा आले, ओले हात मशीनखाली धरून ताटकळले.

“काय बाई, चालत नाही का हे?”

“चालतं,” मी म्हणाले, “मी बंद ठेवलंय.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नव्या कोर्‍या धोतराला हात पुसले.