इन्स्पेक्टरला जेवायला कोण बोलावणार?

आमच्या कामात रिपोर्टच्या तीन कॉप्या निघायच्या: एक मालकाला, एक साहेबाला, एक फाइलला. खरी गंमत मात्र तिन्हींत नसायची, ती माझ्याकडेच साठत गेली. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावाच्या आसपासची हॉटेलं आणि भाड्याची घरं स्वच्छ आहेत की नाहीत, हे बघायची माझी सरकारी नोकरी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा इथे जेमतेम वीस मराठी घरं होती, आणि माझं काम कळल्यावर वीसच्या वीस घरांनी आम्हाला जेवायला बोलावणं बंद केलं. माझ्या बायकोला, शैलाला, याचं फार वाईट वाटायचं. मलाही वाटायचं, पण मी तसं दाखवायचो नाही.

*

सुरुवात साठे काकूंकडे झाली. जेवताना चमचा पडला म्हणून मी वाकलो, तर काकूंचा चेहराच उतरला.

"वसंता, फ्रिजखालचं परवाच पुसलंय रे."

"काकू, चमचा शोधतोय."

त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "फ्रिज, स्टोव्ह, सगळं हलवून पुसलं. हवं तर येऊन बघ." जेवायला ये, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

*

एकदा एका डायनरमध्ये मागच्या दाराने शिरलो. मालक घाईत होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातात एप्रन दिला आणि सिंककडे बोट दाखवलं. त्याने भांडी घासायला माणूस मागवला होता.

मीही बॅज काढला नाही. तासभर भांडी घासली आणि फ्रीजर, ड्रेन, उंदरांची ये-जा, सगळं निवांत पाहून घेतलं. इतकं कसून इन्स्पेक्शन पुन्हा कधी झालं नाही. मग एप्रन सोडला, बॅज दाखवला आणि रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोन्ही पानं वाचली, सही केली आणि विचारलं, "मग उद्यापासून येतोस ना?"

*

एका घरमालकाची तक्रार होती, दोघांच्या अपार्टमेंटमध्ये सातजण राहतात. दार उघडलं ते पुण्याच्या एका पोराने, इथे एमएस करणाऱ्या.

"आम्ही दोघंच आहोत, काका."

बाथरूममध्ये सात टूथब्रश होते.

"मित्र येतात दात घासायला," तो शांतपणे म्हणाला. मग हळूच, "काका, आमटी-भात रेडी आहे. बसता का?"

वर्षभरात आलेलं ते पहिलं आमंत्रण, आणि ड्युटीवर खायची मला बंदी. इतकं जड मन करून मी दुसरी कुठलीही नोटीस लिहिलेली नाही.

*

दूध चार तास बाहेर राहिलं म्हणून मी दिवसा लोकांना ते ओतून द्यायला लावायचो. घरी शैला ओव्हनमधला दिवा लावून रात्रभर दही लावायची. एकदा न राहवून मी त्या पातेल्यात थर्मामीटर घातला.

"तुमच्या नियमाने दही लावून दाखवा, मग बोला," ती म्हणाली. मी थर्मामीटर धुऊन ठेवला आणि कढी प्यायलो.

*

आणि मग मंडळाचा गणपती. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, त्यामुळे जेवणाला आमच्या ऑफिसचं परमिट हवं. लेबर डेच्या सुट्टीत बाकी सगळे गायब, म्हणून साहेबाने मलाच पाठवलं. शैला म्हणाली, "आज जेवण अडवलंत, तर या गावात आपल्याला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही."

टेबलावर साठे काकूंचे दोनशे उकडीचे मोदक, वाफाळते. नियम असा की गरम पदार्थ एकशेचाळीस डिग्री फॅरनहाइटच्या खाली उतरता कामा नये. मी थर्मामीटर काढला, तशा काकू आडव्या आल्या.

"नैवेद्याआधी खुपसायचं नाही. उष्टं होईल."

"काकू, थर्मामीटर चव घेत नाही."

"मोदकाला भोक तर पडतं ना?"

पूजेला बसलेले इंजिनिअर जोशी म्हणाले, याबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही. मी घड्याळ पाहिलं. आमच्या मंडळाच्या आरत्या सात, प्रत्येकाला आपापल्या गावची हवी, तास सहज जायचा.

"काकू, तासाने हे मोदक नक्की गार होतील. मग मला ते फेकायला लावावे लागतील," मी म्हणालो.

काकूंनी एकदा मोदकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हॉलमध्ये जाऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "आज एकच आरती."

नागपूरवाले रुसले, कोकणवाले पुटपुटले. पाच मिनिटांत आरती, नैवेद्य सगळं उरकलं. मी मोदकात थर्मामीटर घातला. एकशेबेचाळीस. परमिटवर सही केली आणि माझी ड्युटी संपली.

पहिलं पान काकूंनी माझं वाढलं, दुसरं शैलाचं. तुपाची धार सोडता सोडता माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही तूच ये. बारा वर्षांत पहिल्यांदा मोदक गरम खातेय."