दरेकरांची पाटी कोरी का यायची

“साळवे, आजही कोरी?” एम.डी. साहेबांनी दारातूनच विचारलं.

मी केबल काढून पुन्हा लावली. मॉनिटरवर दिवसभराच्या नोंदींचा रकाना उघडला होता आणि त्यात एकही ओळ नव्हती. माझ्या मागं निवृत्ती दरेकर उभे होते, अनवाणी, टोपी हातात. सकाळपासून ऊन डोक्यावर घेऊन फिरलेला माणूस. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

“साहेब, आईच्यान लिवलंय,” ते म्हणाले. “समदं लिवलंय. गयाबाईंच्या दुसऱ्या तुकड्यातलं लिवलं, त्यांच्या दिरांचं लिवलं. माज्या डोळ्यांनी दिसत हुतं.”

“मग गेलं कुठं?” शेतकी अधिकारी जगताप साहेब म्हणाले. “यंत्रानं खाल्लं?”

गोष्ट नव्वदीतली आहे. मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ईडीपी विभाग सांभाळत होतो. ईडीपी म्हणजे कॉम्प्युटरचं खातं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे थाट असायचा. वेगळी खोली, एसी, काचेचं दार आणि दाराबाहेर चपलांची रांग. चेअरमनसुद्धा चपला काढून आत यायचे. धूळ नको म्हणून नियम होता, पण लोक हात जोडूनच यायचे. मी त्यांना कधी हटकलं नाही, कारण पहिल्या दिवशी मीही तसाच आत गेलो होतो.

अशात पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला पेन कॉम्प्युटर चाचणीसाठी दिला. आज ज्याला टॅबलेट म्हणतात त्याचा हा पणजोबा. कीबोर्ड नाही. करड्या रंगाची काच, तिच्यावर एका खास पेननं लिहायचं. वजन म्हणाल तर वरवंटा परवडला. पण मी पहिल्यांदा त्याच्यावर माझं नाव लिहिलं आणि ते काचेखाली काळं उमटलं, तेव्हा मी पेनाचं टोक बोटावर टेकवून बघितलं. पेनात शाई नव्हती. मी आपला पुन्हा पुन्हा ‘साळवे, साळवे’ लिहीत बसलो. बायकोला घरी जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, “जेवून घ्या आधी.”

एम.डी. साहेबांनी काम नेमून दिलं. “साळवे, पुण्याचे लोक कौतुक करणारच. तुम्ही मला सांगा, हे आपल्या चिटबॉयच्या हातात चालतं का? उन्हात, धुळीत, बांधावर. रिपोर्ट द्या.”

चिटबॉय म्हणजे कारखान्याचा शेतावर फिरणारा माणूस. नाव बॉय, पण यातले निम्मे आजोबा झालेले. कुणाच्या उसाची लागण कधीची, कुठला वाण, क्षेत्र किती, याची नोंद तो शेतात जाऊन घेतो. त्या नोंदीवर तोड ठरते, म्हणजे कुणाचा ऊस आधी तुटायचा ते. नोंद चुकली तर ऊस शेतात उभा राहून वाळतो आणि शेतकरी थेट चिटबॉयच्या दारात येतो.

या कामासाठी दरेकरांना निवडलं ते मीच. काष्टीकडचा सगळा भाग त्यांना पाठ. पण किती हंगाम गेले तरी ते हंगामीच होते. गाळप सुरू झालं की कामावर, धुराडं थंडावलं की घरी. त्यांच्या मागून आलेले कायम झाले होते. एम.डी. साहेब त्यांना माझ्यासमोर म्हणाले, “दरेकर, हे यंत्र चालवून दाखवा. या हंगामात तुम्हाला कायम करतो.”

दरेकरांनी यंत्राला पाटी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळा कारखाना पाटीच म्हणायला लागला. त्यांच्या कारभारणीनं तिला मापाची गोधडीची पिशवी शिवून दिली. मोटरसायकलच्या टाकीवर गोधडीत गुंडाळलेली पाटी, असे ते निघायचे. रस्त्यात लोक विचारायचे, “लेकरू कुनाचं?”

पहिले काही दिवस मी बरोबर होतो. बांधावर पोचलो की दरेकर चपला काढायचे आणि मग पाटीला हात लावायचे. मी म्हटलं, “अहो, इथं ढेकळं आहेत, काटे आहेत. इथं कशाला?”

“तिकडं एसीत काढायच्या अन् हितं न्हाई? मशीन तर त्येच हाय,” ते म्हणाले. 

अडचणी भरपूर निघाल्या. भर उन्हात काचेवर आपलंच तोंड दिसायचं, अक्षर दिसायचं नाही. दरेकरांनी डोक्यावरून टॉवेल ओढून पाटीवर अंधार केला, जुन्या फोटोग्राफरसारखा. बॅटरी दुपारच्या भाकरीपर्यंत कशीबशी टिकायची. म्हणून दुसरी बॅटरी बरोबर ठेवली. आकडे लिहायला चौकटी होत्या, त्यात लिहिलेला आकडा यंत्र ओळखायचं, पण फक्त इंग्रजी. दरेकरांनी मराठी एक काढला की यंत्र त्याचा नऊ करायचं. एका आजोबांचं क्षेत्र एक एकर लिहिलं, पाटीवर नऊ एकर आलं. मी पुसायला लागलो तर आजोबा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की साहेब. कदी न्हाई ती जमीन वाढलीय.”

दरेकर दोन दिवसांत इंग्रजी आकडे काढायला शिकले. शेतकऱ्याचं नाव मात्र मराठीत, आपल्या अक्षरात लिहायचं. ते यंत्र वाचायचं नाही, चित्रासारखं जसंच्या तसं जपून ठेवायचं. गयाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी आपलं नाव काचेवर उमटताना पाहिलं.  मग हळूच एक बोट पुढं केलं आणि म्हणाल्या, “बाबा, ह्ये पावसानं जाईल का?” दरेकर म्हणाले, “न्हाई मावशे. आता तुमचं नाव कंदीच जानार न्हाई.” त्यांच्या आवाजातला अभिमान मला अजून ऐकू येतो.

मी बरोबर असताना सगळं सुरळीत होतं. मी नवं पान उघडून द्यायचो, दरेकर लिहायचे, संध्याकाळी केबल लावली की नोंदी मोठ्या कॉम्प्युटरवर सरसर यायच्या. मग मी त्यांना एकट्यानं पाठवायला लागलो. जाताना पहिल्या दिवसापासूनची ताकीद पुन्हा दिली, “चौकटीतच लिहायचं. बाकी काचेला कुठंही पेन लावायचं नाही.”

आणि त्याच दिवसापासून पाटी कोरी यायला लागली.

मी यंत्र तपासलं. स्वतः पानं भरली, केबल लावली, सगळी आली. ऑफिसातल्या दोघांना भरायला लावली, इंग्रजीत टाइप करणारी पोरं ती, त्यांचीही आली. पुण्याला फोन केला. तिथले इंजिनिअर म्हणाले, “सर, यंत्रात दोष नाही. युजरला विचारा.” दरेकर भरायचे, काही यायचं नाही.

जगताप साहेबांनी निकाल लावून टाकला. “साळवे, तुम्ही भोळे आहात. ही पाटी आली तर चिटबॉय कमी होणार, हे त्याला कळत नाही का? मुद्दाम पुसतोय तो. बरोबरच्यांनी फितवलाय.”

“त्यांना कायम व्हायचंय साहेब,” मी म्हटलं. “ते कशाला पुसतील?”

“मग त्याला येत नाही. दोन्हीतलं काहीतरी एक खरं.”

एम.डी. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. “उद्याचा दिवस बघा. उद्या कोरी आली तर यंत्र परत पाठवा. आणि दरेकरांचं या हंगामात काही होणार नाही.”

दरेकर दारातच होते. खाली वाकून त्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले. मला फार वाईट वाटलं. त्यांना या भानगडीत आणणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो, पण ठरवून लांब राहिलो. शेतकऱ्याला म्हटलं, चहा टाका. विहिरीच्या कठड्यावर बसून मी नुसता दरेकरांचा हात बघत होतो. त्यांनी चपला काढल्या. टॉवेल डोक्यावरून घेतला. पान उघडलं. शेतकऱ्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं, गट नंबर सांगायचा होता, तोच पेन पाटीच्या अगदी वरच्या कडेला गेलं आणि चटकन काहीतरी लिहून खाली आलं.

मी चहा तसाच ठेवून धावलो. “दरेकर, वर काय लिहिलंत?”

ते चपापले. “काय न्हाई, साहेब.”

“दाखवा.”

त्यांनी पाटी पुढं केली. काचेच्या डोक्यावर, बारीक सुबक अक्षरात, दोन उभ्या रेघा, मध्ये श्री, पुन्हा दोन उभ्या रेघा.

“तुमी नगं म्हनला हुता,” दरेकर खाली मान घालून म्हणाले. “म्हनून तुमच्याम्होरं लिवत नव्हतो. पर साहेब, कोऱ्या पानावर त्येच्याबिगर हातच चालत न्हाई. शाळेत मास्तरांनी लावलेली सवय. कागदाच्या पॅडवर एकदा लिवलं की भागायचं. हिच्यात दर बारीला नवं पान.”

माझ्या डोक्यात पुण्याचं मॅन्युअल उघडलं. इंग्रजीतलं जाड मॅन्युअल मी वाचलेलं होतं. त्यात एका कोपऱ्यात होतं, की पानाच्या वरच्या कडेला दोन उभ्या रेघा मारल्या की ते पान रद्द. रद्द पावतीवर दोन रेघा ओढतात ना, तीच कल्पना उचलली होती. पुढचं पान उघडेपर्यंत ते पाटीवर दिसत राहायचं, मग दिसेनासं व्हायचं आणि केबल लावली तरी पुढं जायचं नाही. म्हणजे दरेकर प्रत्येक पान देवाच्या नावानं सुरू करत होते आणि यंत्र प्रत्येक पान त्याच रेघांनी रद्द करत होतं.

आणि मला ते का सापडलं नाही? माझ्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात कागदाच्या डोक्यावर काही लिहायची पद्धत नाही. थेट मजकूर. माझ्या हाताला ती रेघ कधी आलीच नसती. ऑफिसातली पोरं इंग्रजीवाली. पुण्यात ज्यानं हे रचलं तोही तसलाच असणार. अख्ख्या तालुक्यात वहीची सुरुवात ज्या खुणेनं होते, ती खूण सोडून आम्ही सगळं तपासलं होतं!

तिथंच दोन पानं भरून घेतली, एक रेघांसकट, एक नुसतं. मोटरसायकल फिरवली ती थेट कारखान्यात. केबल लावली. नुसतं पान आलं. रेघांचं आलं नाही. मी टेबलावर हात आपटला तसे दरेकर दचकले.

“चूक तुमची नाही,” मी म्हटलं. “कळलं का? तुमची नाही!”

पुण्याला ट्रंक कॉल लावला. इंजिनिअर आधी हसला आणि मग कामाला लागला. म्हणाला, “सर, रद्द पानं पुसली जात नाहीत. आतच असतात. मी सांगतो तशी कमांड द्या.” मी एम.डी. साहेबांना आणि जगताप साहेबांना बोलावून घेतलं. फोन खांद्यानं कानाशी धरून तो सांगेल तसं टाइप केलं आणि एंटर दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग मॉनिटरवर एक पान आलं. त्याच्यामागं दुसरं. मग येतच राहिली. गयाबाई, त्यांचे दीर, पलीकडच्या वस्तीवरचे, नदीकाठचे. आम्ही जी गेली म्हणून समजत होतो ती सगळी. गट नंबर, लागण, वाण, क्षेत्र, सगळं जागच्या जागी, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर दरेकरांच्या हातचं तेच श्री. कॉम्प्युटरच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण तसा थरार मला पुन्हा कधी आला नाही.  

“आरं तिच्या मायला,” एम.डी. साहेब पुटपुटले. त्यांच्या तोंडून असा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता.

दरेकरांनी हात जोडले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. “म्या मावशीला म्हनलो हुतो, नाव जानार न्हाई म्हनून,” ते म्हणाले. “गेलं न्हाई.”

जगताप साहेबांनी वाकून दोन-तीन पानं खालपर्यंत वाचली. मग दरेकरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “चल, चहा घेऊ.” माफी वगैरे त्या काळी चहातच मागायचे.

पुण्याच्या कंपनीनं पुढं ती रेघांची खूण बदलली. कारखान्यानं मात्र पाटी घेतली नाही. बॅटरीचं काही जमेना, उन्हाचं तर मुळीच नाही. रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं: यंत्र अद्भुत आहे, पण आपल्या उन्हासाठी केलेलं नाही. दरेकर त्या हंगामात कायम झाले. पाटी परत जाताना गोधडीची पिशवी त्यांनी बरोबरच दिली. म्हणाले, “लांबचा प्रवास हाय.”

नंतर कारखान्यात कितीतरी यंत्रं आली. प्रत्येक नव्या यंत्रावर, कीबोर्ड असो की काच, मी सगळ्यात आधी दोन रेघा, श्री, दोन रेघा असं लिहून बघायचो. ते जिवंत राहिलं तरच पुढची तपासणी. यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यात जे येत नाही, ते वापरणाऱ्याच्या हातात असतं, एवढंच मी त्यातून शिकलो.

एकदा मी असा लिहीत असताना दरेकर मागं येऊन उभे राहिले. चपला बाहेर, टोपी हातात. त्यांना फार मौज वाटली.

“साहेब, आता तुमीबी देवाचं नाव घ्याया लागला व्हय?”

“देवाचं नाही, दरेकर,” मी म्हटलं. “तुमचं.”