सगुण शेटगावकर सात नंबरवर जातो

सगुण शेटगावकर वीज खात्यात मीटर वाचायचा, पण मांद्र्यात त्याला ओळखायचे ते आवाजावरून. १९७६ साली गावच्या फुटबॉल स्पर्धेत नेहमीचा बोलणारा तापाने अंथरुणाला खिळला आणि मैदानाकडच्या घरांचे मीटर वाचत फिरणाऱ्या सगुणच्या हातात कुणीतरी माईक दिला. तो त्याने पुढची पंचवीस वर्षं काही परत केला नाही. मांद्रे, हरमल, केरी, धारगळ, कुठेही चेंडू उडाला की बांबूच्या मचाणावर, माडाच्या चुडतांच्या सावलीत, सगुण हजर. सामन्याच्या दिवशी त्याच्या वाट्याचे मीटर कोण वाचत होतं, हे वीज खात्यालाही कधी कळलं नाही.

बोलायचाही तो खात्याच्याच भाषेत. बचावफळीवर हल्ला झाला की म्हणायचा, ‘‘लाइनवर लोड वाढलेला आहे, फ्यूज उडण्याची शक्यता आहे.’’ गोल झाला की फ्यूज उडाला. पेनल्टी चुकवणाऱ्याचं ‘‘कनेक्शन कापण्यात आलेलं आहे’’ असं तो जाहीर करायचा, आणि तो बिचारा महिनाभर गावात तोंड लपवून फिरायचा.

गोव्यात मराठी की कोकणी ही भाषेची चळवळ तापली तेव्हा सगुणची मोठी पंचाईत झाली. तो सामना चालवायचा शुद्ध मराठीत, शाळेत गुरुजींनी शिकवलेल्या, पण गोल झाला की त्याचं भान सुटे आणि तोंडातून निघे, ‘‘आरे मारलो रे मारलो!’’ मराठीवाले म्हणत, नव्वद मिनिटं आमची. कोकणीवाले म्हणत, घ्या तुमची मिनिटं, गोल सगळे आमचे. दोन्हीकडचे लोक त्याला सभेत बोलायला बोलावून गेले, आणि दोन्हीकडे जाऊन त्याने मागच्या वर्षीच्या फायनलची हकिगत सांगितली. पुढे गोवा घटक राज्य झालं, त्या आठवड्यातल्या सामन्यात त्याने हाफटाइमला राज्याचं अभिनंदन केलं आणि लगेच एक निळी छत्री सापडल्याचं जाहीर केलं.

सामना संपला की त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे. ‘‘सामना संपला. भाणाखाली जाळ घाला, आम्ही येतो!’’ भाण म्हणजे न्हाणीतलं तांब्याचं मोठं भांडं, त्यात अंघोळीचं पाणी तापतं. लोकांना ही बोलायची लकब वाटे. प्रत्यक्षात तो निरोप होता, त्याच्या बायकोसाठी. तांबड्या धुळीने माखून घरी परतलं की सगुणला कडकडीत पाणी लागे. त्याचं घर मैदानापासून मैलभरावर, मधे काजूचा डोंगर. पण आपला आवाज डोंगरावरून थेट न्हाणीत उतरतो आणि प्रभावती उठून जाळ घालते, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. घरी पोचावं तर भाणातून वाफा निघत असायच्या. ‘‘माझ्या आवाजार आमच्या घरातलो जाळ पेटता,’’ असं तो चारचौघांत सांगायचा. प्रभावती ऐकायची आणि पदराने तोंड पुसून आत जायची.

१९९७ साली नारायणने केबल आणली. या माडावरून त्या माडावर तार ओढत, स्वतः सरसर वर चढत, त्याने अर्धा पेडणे तालुका बांधला. तीन नंबरवर गावचे कार्यक्रम दाखवायचे ठरले आणि सगुण मचाणावरून थेट टीव्हीत गेला. त्या दिवसापासून सामना असला की प्रभावती टीव्हीसमोर तांदूळ निवडत बसू लागली. डोळे सुपात, कान नवऱ्याकडे. कौतुक करायचा तिचा स्वभाव नव्हता.

‘‘आज तुमी ‘अप्रतिम’ एकेचाळीस फावटी म्हटलांत,’’ ती जेवण वाढताना सांगायची.

‘‘मोजलंस?’’

‘‘मोजूक कित्याक होया? कान मोकळेच आसतत. आनी त्या धारगळच्या झिलाचा नाव तुमी तीन परीन घेतलांत. आवय तेका आता खंयच्या नावान हाक मारतली?’’

सगुणच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण पुढच्या सामन्यात ‘अप्रतिम’ पस्तिसावर यायचं. ती काय म्हणेल या धाकाने तो खेळाडूंची नावं कागदावर लिहून न्यायला लागला होता, हे त्याने जन्मात कबूल केलं नसतं.

नारायणशी मोडलं ते २००१च्या फायनलला. मांद्रे विरुद्ध हरमल, बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, मांद्र्याला पेनल्टी. सगुणने श्वास रोखून वाक्य उचललं, आणि नेमकं तेव्हा नारायणने पडद्यावर एका बाळाचा फोटो लावला, खाली शुभेच्छा आणि वर सिनेमाचं गाणं. गाणं संपलं तेव्हा मांद्रे जिंकून लोक घरी निघाले होते. सगुणला हे घरी आल्यावर प्रभावतीने सांगितलं. तो तसाच धुळीच्या पायांनी नारायणकडे गेला.

‘‘सगुणदादा,’’ नारायण शांतपणे म्हणाला, ‘‘पोराचो पयलो वाढदिवस एकदाच येता. फायनल दर वर्सा येता.’’

हे खरंच होतं, म्हणून सगुण जास्तच चिडला. अशा वेळी डिचोलीहून गौरेश आला. खाणीच्या ट्रकांवर मोठं झालेलं घर, पोरगा तिशीतला, नवा चॅनल काढलेला, नाव ‘सप्तरंग’, नंबर सात. त्याने सगुणला डिचोलीला नेऊन स्टुडिओ दाखवला. चाकांची खुर्ची, दोन्ही कानांवर बसणारा हेडफोन, आणि घालायला निळा कोट. वर म्हणाला, ‘‘तुमच्यासारखा माणूस अख्ख्या गोव्यात नाही.’’ सगुणच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चाकांच्या खुर्चीवर तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा जाऊन आला आणि तिथल्या तिथे त्याने पुढच्या मोसमाचा शब्द देऊन टाकला.

प्रभावतीला त्याने नंतर विचारलं, म्हणजे सांगितलंच. ती म्हणाली, ‘‘जावा. कोट बरो दिसतलो.’’

गावाने त्याला असा तसा सोडला नाही. देवळात नारळ ठेवला आणि देवळाचा मानकरी विठू गावकराने देवापुढे रीतसर गाऱ्हाणं घातलं. ‘‘बा देवा महाराजा! आज तुझो लेकरू सगुण चॅनल बदलता आसा. तेका यश दी!’’ सगळे एका सुरात म्हणाले, ‘‘व्हय महाराजा!’’ ‘‘तो सात नंबरार जाता आसा. थंय तो सगळ्यांका स्वच्छ दिसान दी!’’ ‘‘व्हय महाराजा!’’ सगळ्यांत मोठा आवाज होता नारायणचा. साऱ्या गावात ज्या एका माणसाला तार कुठे संपते हे ठाऊक होतं, तोच गळ्याच्या शिरा ताणून व्हय महाराजा म्हणत होता.

पहिल्या सामन्याच्या दिवशी मांद्र्यात घरोघरी टीव्ही सात नंबरवर लागले. सात नंबरवर मुंग्या होत्या, खरखर आवाज करणाऱ्या. कुणी टीव्हीच्या डोक्यावर थापटी मारली, कुणी तार हलवली. विठू गावकराला आपल्याच गाऱ्हाण्यात काही राहून गेलं की काय अशी शंका आली. अर्ध्या तासाने लोक उठले.

तिकडे सगुण डिचोलीत रंगात आला होता. गौरेशने तीनदा त्याची पाठ थोपटली. सामना संपल्यावर त्याने नेहमीचं वाक्य दणक्यात म्हटलं, कोट सांभाळत दोन बस बदलल्या आणि घरी येऊन न्हाणीत भाणाला हात लावला. पाणी थंडगार. चुलीत राखसुद्धा कालची. आत प्रभावती टीव्हीसमोर बसली होती, मांडीवर सूप आणि पडद्यावर मुंग्या.

‘‘चार तास बघतंय,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं, खंयतरी दिसतल्यात.’’

सगुण पुन्हा नारायणच्या दारात.

‘‘दादा, माझी तार शापोऱ्याच्या न्हंयपर्यंत,’’ नारायण म्हणाला. ‘‘गौरेशची तार डिचोलीत. तो थयसर, मी हयसर.’’

‘‘मगे गाऱ्हाण्याक व्हय महाराजा कित्याक म्हटलंस?’’

‘‘देवाक नाय कसा म्हणू?’’

शब्द दिलेला होता, मोसम मार्चपर्यंत होता, आणि मीटरच्या नोंदीत एकदा लिहिलेला आकडा सगुण खोडत नसे. तो डिचोलीला जात राहिला. तिथे त्याचं नाव झालं. चहाच्या दुकानात लोक उठून जागा देऊ लागले. पण तो काहीही बोलला तरी गौरेश ‘‘छान, छान’’च म्हणायचा. एकदा त्याने खेळाडूंच्या नावांचा कागद घरी विसरून अख्खा सामना अंदाजाने चालवला, तरी छान. सगुणला कसंसंच व्हायला लागलं. ‘अप्रतिम’ साठावर गेलं असेल, मोजणारं कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याला सुटत नव्हती. पहिला दिवस सोडला तर रोज घरी आल्यावर पाणी तापलेलं असायचं. एका संध्याकाळी न राहवून त्याने विचारलं, ‘‘माझो आवाज तर येना. मगे तुका जाळ घालूक कळता कसा?’’

प्रभावती वाल सोलत होती. ‘‘बस कितक्याक येता, ता माका म्हायत आसा.’’

‘‘मगे त्या पयल्या दिसा?’’

‘‘त्या दिसा मुंगयांत तुमका सोधीत रवलंय, जाळ घालूक इसारलंय. आता मी टीव्ही लायच ना.’’

सगुण तिच्याजवळ पायरीवर बसला. ‘‘आनी आधी गो? मी लाउडस्पीकरार सांगी तेव्हा?’’

तिने हातातली शेंग सोलून पूर्ण केली. ‘‘मधी डोंगर आसा,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचो आवाज हय कधी पावलोच ना. खेळ बघून लोक वाटेन परतूक लागले काय मी जाळ घाली. चारचौघांत तुमी सांगीत होतात, तुमचो हिरमोड कित्याक करू?’’

‘‘म्हणजे तू माका...’’

‘‘केबल इली तेव्हा पयल्यांदा आयकलंय. तुमी शेवटाक म्हणतास ता. इतक्या लोकांत, माकाच सांगतास ता.’’

एवढं बोलून ती वालांचं भांडं घेऊन आत गेली. सगुण बाहेर बसून राहिला. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. त्यातली अठरा तो डोंगराला निरोप सांगत होता आणि पाच वर्षं काय ती तिने ऐकला. आणि तिचं ते ऐकणं त्याने एका निळ्या कोटासाठी आणि चाकांच्या खुर्चीसाठी घालवलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि डोळे भरून आले. कुणी पाहिलं नाही हे बघून त्याने ते कोटाच्या बाहीला पुसले.

मोसमाची फायनल डिचोलीला होती. आदल्या दिवशी तो म्हणाला, ‘‘फाल्यां तू चल माझ्यावांगडा.’’ एका माणसाला निरोप देत आजवर प्रत्येक मैदानावर बोलणाऱ्या सगुणने त्या माणसाला एकही मैदान दाखवलं नव्हतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. प्रभावतीने ठेवणीतलं लुगडं नेसलं, अबोलीची फाती माळली आणि दोन बस बदलून ती डिचोलीच्या मैदानात पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. सवयीने मांडीवर हात सुपासारखे धरून.

सगुण त्या दिवशी नावं न चुकता बोलला. ‘अप्रतिम’ म्हणण्याआधी दर वेळी त्याची नजर पहिल्या रांगेकडे जायची, आणि शब्द गिळला जायचा. शिटी वाजली. डिचोलीकरांना आता त्याचं वाक्य पाठ होतं, ते त्याचीच वाट बघत होते. ‘‘सामना संपला,’’ सगुण म्हणाला, आणि थांबला. जाळ घालणारं माणूस तर समोर खुर्चीत बसलं होतं. पंचवीस वर्षांत माईक हातात असताना तो पहिल्यांदा गप्प झाला. गौरेशने घाबरून वायर हलवून पाहिली.

‘‘सामना संपला,’’ सगुण पुन्हा म्हणाला. ‘‘आज भाणाखाली जाळ मी घालतो.’’

लोक हसले, टाळ्या पडल्या. प्रभावतीने पदराने तोंड पुसलं.

घरी पोचल्यावर त्याने कोट खुंटीला लावला आणि न्हाणीत शिरला. नारळाची सोडणं ओली, काड्या सादळलेल्या. गावभर लाइनवर लोड वाढवणाऱ्या माणसाला चूल पेटवता येईना. प्रभावती न्हाणीच्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि हळूच तिने सुरू केलं, अगदी त्याच्याच मराठीत. ‘‘सगुण शेटगावकर काडी ओढत आहेत. काडी पेटलेली आहे. काडी... गेली. दुसरी काडी. फुंकर मारलेली आहे. सगळा धूर शेटगावकरांच्या तोंडावर आलेला आहे.’’

‘‘गप रव गो!’’ सगुण खोकत म्हणाला.

मग सोडणांनी धरलं, भाणाच्या बुडाला पिवळा जाळ लागला, आणि उंबऱ्यावरून आवाज आला, ‘‘आरे मारलो रे मारलो!’’

पाणी तापायला पाऊण तास लागला. भाणाला इतका वेळ लागतो हे सगुणला त्या दिवशी कळलं. अंघोळ आधी प्रभावतीने केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नारायणकडे गेला. नारायण माडावर तार ओढत होता. सगुण खाली उभा राहिला.

‘‘पुढल्या वर्साक माका तीन नंबरार घे,’’ तो वर बघून म्हणाला.

‘‘घेतंय,’’ नारायण वरून म्हणाला. ‘‘पण दादा, मधीच कोणाचो वाढदिवस इलो तर?’’

‘‘दाखय. गोल होताना दाखय, पेनल्टीक दाखय. फकत माझा शेवटचा वाक्य कापू नको.’’