आकाशच्या नावावरचे गेम

संघमित्राला खेळताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला हसूच आलं होतं. आम्ही दोघी जळगावच्या एका रक्तपेढीत कामाला. दिवसभर नमुने तपासणारी, गरजेपुरतंच बोलणारी ही बाई, चाळिशीला टेकलेली, लग्न न केलेली. ती माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आली आणि एका संध्याकाळी मी विरजण मागायला गेले, तर बाई टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली. हातात कंट्रोलर, पडद्यावर बर्फाचा डोंगर, आणि त्यावरून ती घोडा दामटत होती.

"कुंदाताई, बसा जरा. एवढा डोंगर उतरू द्या," ती म्हणाली. मान वळवली नाही.

हे वेड भुसावळचं. तिचे वडील पितांबर, घरात सगळे त्यांना आबा म्हणत, रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. आई केसरबाई. संघमित्रा आणि तिच्याहून बराच लहान असलेला आकाश रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले. आबांची ड्यूटी कधीही लागायची, उन्हाळ्यात पोरांना बाहेर सोडायची सोय नाही, म्हणून आबांनी एकदा बोनसच्या पैशांतून गेमचं मशीन आणलं. तेव्हापासून बहीण-भाऊ एकाच गादीवर बसून खेळले.

पुढे ती नोकरीला धुळ्याला गेली आणि आकाश इंजिनिअरिंगला जळगावात आला. दोघांकडे एकेक जुनं मशीन होतं, पण नवीन गेम दोघांत मिळून एकच घेत. डिस्क एका वेळी एकाच मशीनमध्ये बसते. त्यामुळे आकाशचा खेळून झाला, की शनिवारी तो पारोळ्यावरून एस.टी.ने धुळ्याला जायचा, डिस्क द्यायला. ही त्याच्यासाठी शेव-भाजी करून ठेवायची. पुढच्या खेपेला ही जळगावला यायची, डिस्क परत द्यायला. "डिस्क नसती तर आम्ही एवढे भेटलो असतो का हो?" असं ती मला एकदा म्हणाली होती.

जळगावात निर्मलकुमारशेठ यांचं मोबाईलचं दुकान आहे. त्यांचा मुलगा मनन त्याच दुकानातल्या एका काचेच्या कपाटात गेमच्या डिस्क ठेवतो. नव्या विकतो, जुन्या घेतो, अदलाबदल करून देतो. संघमित्रा जळगावला बदलून आल्यावर त्याची कायमची गिऱ्हाईक झाली. तिचं म्हणणं साधं होतं. डिस्क हातात असते. खेळून झाली की दुसऱ्याला देता येते, नाही आवडली तर मननकडे नेऊन दुसरी आणता येते. आकाश तोवर पुण्याला कंपनीत लागला होता, त्याचं लग्न झालं होतं, आणि तो सगळं डाउनलोड करून घ्यायला लागला होता. "ताई, तू अजून डिस्क घेऊन फिरतेस? माझ्या बोटाच्या टोकावर दुकान आहे," तो फोनवर चिडवायचा. ती हसायची. पण त्याचं भुसावळला आणि नंतर जळगावला येणं कमी झालं, ते तिने मनात धरलं होतं. बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

केसरबाई गेल्या, आबा निवृत्त झाले आणि संघमित्राकडे राहायला आले. उंच, ताठ माणूस. सकाळी फिरायला जायचे ते रेल्वेच्या पुलापर्यंत, गाड्या बघायला. आणि एके दिवशी अंघोळ करून बाहेर येता येता पडले. उजवी बाजू गेली. वाचाही गेल्यासारखीच झाली. जे काही तुटक शब्द परत आले, ते सगळे लहानपणीच्या अहिराणीतले. धरणगावकडचं त्यांचं गाव, तिथली बोली.

आकाश आला. दवाखान्यात बसला, रडला, चार रात्री बाकावर झोपला. परत जाऊन पुढच्या खेपेला आला तो नवीन मशीन घेऊनच. डिस्क घालायची फटच नसलेलं.

"याच्यात माझं अकाउंट चालू करून देतो," तो म्हणाला. "मी घेतलेले सगळे गेम तुला इथे दिसतील. एकही विकत घ्यायला नको. त्या डिस्क देऊन टाक मननला, घरात जागा तरी होईल."

संघमित्राने डिस्क आणि आपलं जुनं मशीनही मननला देऊन टाकलं. आबांच्या कॉटला, वॉकरला खरंच जागा लागत होती. शिवाय भावाने प्रेमाने दिलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं?

त्या गेमांत एक रेल्वेचा होता. इंजिनाच्या केबिनमध्ये बसून गाडी हाकायची. फिजिओथेरपी करणारी मुलगी म्हणाली होती, उजव्या हाताची बोटं हलती ठेवा. म्हणून संघमित्राने सहज तो गेम लावून कंट्रोलर आबांच्या हातात दिला.

मी तिथेच होते. आबा आधी नुसते बघत राहिले. मग डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा उचलून बटणावर ठेवला. गाडी धक्का खाऊन सुटली. पुढे रेल्वेचं फाटक दिसलं आणि आबांनी त्याच्या बऱ्याच आधी शिट्टी वाजवली. लांब, हवी तेवढीच. गेममध्ये तसं काही सांगितलेलं नव्हतं. नोकरीची सवय. पुढच्या फाटकालाही वाजवली. त्याच्या पुढच्यालाही. संघमित्रा स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आबांची ड्यूटी सुरू झाली. चहा झाला की ते सदऱ्याचं वरचं बटण लावायचे, टीव्हीकडे बोट करायचे. "गाडी," म्हणायचे. अंगठा डाव्या हाताच्या मदतीशिवाय हलायला लागला. आकाशला तिने हे फोनवर एकदा सांगितलं होतं. पण तो गाडी चालवत होता आणि "वा, वा" म्हणून त्याने फोन ठेवला होता.

मग भांडण झालं. आकाशचं म्हणणं, आबांना पुण्याला आणायचं, तिथे उपचारांचं एक मोठं केंद्र आहे, तिथे राहतील. त्याने जागाही बघून ठेवली होती. आबांनी मान हलवून नाही म्हटलं. आकाश म्हणाला, त्यांना काय कळतंय आता. संघमित्रा म्हणाली, सगळं कळतंय, तू दोन दिवसांचा पाहुणा, तुला नाही कळणार. आवाज चढले. मला खालपर्यंत ऐकू येत होते. शेवटी आकाश म्हणाला, "तुला त्यांना सोडायचंच नाहीये, ताई. ते गेले तर तुझ्या घरात दुसरं आहे कोण?"

तो त्याच दुपारी निघून गेला. संघमित्रा दारापर्यंतही आली नाही.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे बसले होते. आबांनी बटण लावलं, टीव्हीकडे बोट केलं. तिने मशीन चालू केलं. सगळ्या गेमच्या चित्रांवर छोटंसं कुलूप आलं होतं. रेल्वेच्या गेमवरही. तिने दाबून बघितलं, बंद करून पुन्हा चालू केलं. मग खाली बसली आणि मला म्हणाली, "काढून टाकलं त्याने. तिकडे पुण्यात बसून."

"असं करता येतं?"

"त्याच्याच नावावर आहेत ना सगळे. माझं काय होतं त्यात?"

आबा कंट्रोलर हातात धरून बसलेच होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "सिग्नल लाल शे, माय. थांबनं पडी."

जन्मभर सिग्नलला थांबलेला माणूस. त्यांना त्यात राग येण्यासारखं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर पुन्हा बटण लावून बसले. तिने टीव्ही लावला नाही, तर बोट करत राहिले. लावला, तर कुलपाकडे बघत राहिले. "आज बी लाल शे," म्हणाले. ती रोज काहीतरी दुसरं दाखवायची, भजनं, बातम्या, खऱ्या रेल्वेचे व्हिडिओसुद्धा. ते अंगठा हलवून बघायचे, गाडी ऐकत नाही म्हटल्यावर मान फिरवायचे.

आम्ही दोघी मननकडे गेलो. संघमित्रा म्हणाली, "जुनं मशीनही घेते तुझ्याकडून, फट असलेलं. पण हा गेम दे."

मननने फोनवर बराच वेळ शोधलं. "ताई, हा डिस्कवर कधी आलाच नव्हता. फक्त डाउनलोड होता. आणि आता कंपनीने तोही विक्रीतून काढलाय. ज्यांनी आधी घेतला, त्यांच्याकडेच राहिला." मग म्हणाला, "डिस्क असती ना, तर सुरतेहून, मुंबईहून, कुठूनही मागवून दिली असती. जे निघालंच नाही ते कुठून आणू?" त्याने दुसरा एक रेल्वेचा गेम दिला, जुन्या मशीनसकट. आबांनी तो एकदा धरला. त्यातली केबिन वेगळी होती, बटणं वेगळी होती. नव्याने शिकायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी कंट्रोलर हळूच बाजूला ठेवला.

मग संघमित्राने स्वतःहून आकाशला फोन केला. त्याने उचलला नाही. तिने मेसेज लिहिला, माझ्यासमोरच लिहिला: "बाकीचे गेम नकोत. आबांचा रेल्वेचा तेवढा चालू कर. ते वाट बघतात."

संध्याकाळी उत्तर आलं. "बघतो."

आठवडे गेले. तिने पुन्हा विचारलं. त्याने एकदा पासवर्ड पाठवला. म्हणाला, रविवारी टाक, माझ्या फोनवर कोड येईल, तो सांगतो. रविवारी तिने आबांना दाढी करून बसवलं. पासवर्ड टाकला. पडद्यावर कोडासाठी रिकामे चौकोन आले. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चौकोन निघून गेले. तिने पुन्हा पासवर्ड टाकला, पुन्हा चौकोन, पुन्हा फोन. आबा शेजारी बसून होते. त्यांचा अंगठा बटणावर होता. शेवटी संघमित्रानेच तो हलक्या हाताने बाजूला केला.

आकाशने दुसऱ्या दिवशी लिहिलं की तो सासरच्या कार्यक्रमात होता, फोन गाडीत राहिला. तिने उत्तर दिलं नाही. आणि पुन्हा विचारलंही नाही.

आबांनी हळूहळू बोट करणं सोडलं. चहा तसाच राहायला लागला. फिजिओथेरपीची मुलगी म्हणायची, आबा, मूठ करा, तर ते खिडकीतून बाहेर बघायचे. थंडी सुरू झाली आणि त्यांना दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यात पोहोचेपर्यंतच सगळं आटोपलं होतं. गेमपायी गेले असं मी म्हणणार नाही. वय होतं, आजार होता. पण शेवटचे दोन महिने त्यांना कशाचीच ओढ राहिली नव्हती, हे मी पाहिलं आहे.

आकाश आला. सगळं त्याने नीट केलं, भुसावळहून जुने ड्रायव्हर आले होते त्यांचं चहापाणीही. जलदान विधी झाल्यावर पाहुणे पांगले आणि घरात आम्ही तिघंच उरलो. माझ्या तोंडून निघून गेलं, की आबा शेवटी शेवटी टीव्हीसमोर बसून म्हणायचे, सिग्नल लाल आहे.

आकाशने विचारलं, "कुठला सिग्नल?"

मी सांगितलं. शिट्टीचं, सदऱ्याच्या बटणाचं, रविवारच्या दाढीचं. तो बहिणीकडे बघतच राहिला. "ते खरंच खेळत होते?"

"मी लिहिलं होतं तुला," संघमित्रा म्हणाली.

"मला वाटलं..." तो अडखळला. "मला वाटलं तुलाच खेळायचंय. आबांचं नाव पुढे करतेयस. मला वाटलं, थोडे दिवस राहू दे बंद, मग ती नीट बोलेल माझ्याशी."

तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. संघमित्रा उठली, त्याच्याजवळ जाऊन बसली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "गप. तुला माहीत नव्हतं," ती म्हणत होती. जाताना त्याने स्वतः ते मशीन चालू करून सगळं पूर्ववत करायला घेतलं, तेव्हा तिने प्लग काढला. "घेऊन जा," एवढंच म्हणाली. तो खोक्यात भरून घेऊन गेला.

वर्षभरात तिने धुळ्याला बदली मागून घेतली. मागच्या महिन्यात मी एका लग्नासाठी तिकडे गेले होते, तेव्हा तिच्याकडे उतरले. दोन खोल्या, स्वच्छ. खेळणं तिने सोडलेलं दिसलं. मी विचारलं नाही. जेवायला बसण्याआधी आकाशचा फोन आला. ती बराच वेळ बोलत होती, बोलत कसली, ऐकत होती. "हो रे. नाही रे. तू असा विचार करू नकोस. जेवलास का?" असं मधूनमधून. फोन ठेवून आली.

मी म्हटलं, "अजून बोलतेस त्याच्याशी?"

"भाऊ आहे, कुंदाताई. दर रविवारी करतो. अजून रडतो." तिने ताटं मांडली. "त्याची समजूत घालता घालता एवढं थकायला होतं, की माझं रडायचं राहूनच गेलं बघा. आबा गेल्यापासून मी एकदाही धड रडले नाहीये."

तिने माझ्या ताटात कळण्याची भाकरी वाढली, वर ठेचा ठेवला आणि म्हणाली, "घ्या, गरम आहे तोवर."