बिनहाराची तसबीर

मी गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर मोटार यायला बराच वेळ होता. वडील दगडावर बसले होते आणि मी समोर ट्रंकेवर. असे समोरासमोर, हात रिकामे ठेवून बसलेले वडील मला जन्मात पहिल्यांदा सापडले होते. मी हळूच खिशातून कागद आणि शिसपेन्सिल काढली. त्यांच्या ते लगेच ध्यानात आलं. फेट्याचा शेमला तोंडावर ओढून ते म्हणाले, "जित्या माणसाचं चितर काढू नये. आयुष्य उतरतं." मी कागद परत खिशात घातला. मोटार आली तेव्हा त्यांनी स्वतः विणलेलं घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं आणि ते पाठ फिरवून चालू लागले.

आमचं घर माणदेशात, घोंगडी विणणाऱ्यांचं. वडील दिवसभर मागाच्या खड्ड्यात बसायचे, मान खाली आणि हात धोट्यावर. मी त्यांच्याशी बोलायचो ते त्यांच्या फेट्याशीच. मला मात्र चित्रकलेचं वेड होतं. तालुक्याच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, त्यांनी माझ्याकडून चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा करून घेतल्या. मुंबईला जाऊन पुढं शिकायची आमची ऐपत नव्हती, आणि घोंगड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. तेव्हा कुणीतरी सांगितलं की पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहतोय, तिथं रंगाऱ्याचं काम मिळेल. निघताना मास्तरांनी एका विलायती मासिकातलं रंगीत चित्र कापून मला दिलं. टोपी घातलेला, फुगीर नाकाचा, थकलेल्या डोळ्यांचा एक म्हातारा. हॉलंडच्या एका चित्रकारानं काढलेलं स्वतःचंच चित्र.

त्याचं नाव माझ्या जिभेला कधी नीट वळलं नाही. मास्तर त्याला 'गिरणीवाल्याचा पोरगा' म्हणत, कारण त्याच्या बापाची पवनचक्कीवर चालणारी गिरणी होती. तोही गाव सोडून मोठ्या शहरात गेला. तिथं नाव कमावलं, वाडा घेतला. मग बायको गेली, लहान लहान मुलं गेली आणि शेवटी वाड्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला. मेला तेव्हा त्याच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. पण तरुणपणापासून तो आरशात बघून स्वतःचा चेहरा रंगवत राहिला, म्हणून तो कसकसा म्हातारा झाला हे आज सगळ्या जगाला ठाऊक आहे.

पिंपरी तेव्हा म्हणजे रेल्वेचा रूळ, सिंधमधून आलेल्यांच्या बराकी, चार कारखान्यांचे पाये आणि बाकी सगळं ज्वारीचं रान. मी पाइपांना रंग द्यायचो, पाट्या लिहायचो, आणि शेडचं छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या रंगवायचो. वर बघून बघून मान आखडायची, रंगाचे थेंब डोळ्यांत पडायचे. तेव्हा मला मास्तरांनी सांगितलेला तो इटलीचा चित्रकार आठवायचा. त्यानंही वर्षानुवर्षं मान वर करून देवळाचं छत रंगवलं होतं. त्याच्या छतावर देव अवतरले आणि माझ्या छतावर करडा ऑइलपेंट. यावर मी एकटाच हसायचो, कारण सांगणार कुणाला?

बराकींच्या त्या कॅम्पातल्या सिंधी काचवाल्याकडून मी मास्तरांनी दिलेल्या म्हाताऱ्याला चौकट करून घेतली. त्यानं चौकट हातात देताना हात जोडले आणि विचारलं, "पिताजी?" त्याची काही चूक नव्हती. आपल्याकडं भिंतीवर चौकटीत म्हातारा चढतो तो गेल्यावरच.

वडील पिंपरीला कधी आले नाहीत. "तुझ्या कंपनीत मी काय करू? मागाचा खड्डा सुना पडंल," म्हणायचे. आणि एका पावसाळ्यात तार आली. ती मला मिळाली तेव्हा मी शिफ्टवर होतो. गावी पोचलो तोवर राख सावडून झाली होती. चेहरा बघायचा राहिला तो राहिलाच. गावात राहिलेले लोक अजून विचारतात, पोचायला एवढा उशीर कसा झाला. बाहेर पडलेले कुणी मला असं विचारत नाहीत.

आईला मी पिंपरीला घेऊन आलो. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी ती अस्वस्थ झाली. चाळीत प्रत्येकाच्या भिंतीवर आपापला गेलेला माणूस होता, आणि आमच्या भिंतीवर परका. एका दुपारी ती म्हणाली, "तुला चितरं येत्यात नव्हं? मग ह्येंचं काढ की."

मी बसलो. फेटा आला. खांदे आले. धोटा फेकणारा हात तर असा उतरला की माझं मलाच भरून आलं. चेहरा काही येईना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आईला विचारलं, नाक कसं होतं? ती म्हणाली, "चारचौघांसारखं." डोळे? "बरं व्हतं." मला राग आला. जन्म काढलास त्यांच्याबरोबर आणि एवढं सांगता येत नाही, असं ओठांवर आलं होतं, गिळलं.

मग मला गिरणीवाल्याच्या पोराचा आरसा आठवला. खाण तशी माती म्हणतात, तर बापाचा चेहरा माझ्यात कुठंतरी असणारच. दाढीचा आरसा खिडकीत टांगला आणि सुट्टीच्या दिवशी बसून मी माझाच चेहरा रंगवत गेलो. गाल आत ओढले, भुवया पिकवल्या, कपाळावर आठ्या घातल्या, डोळ्यांखाली सावली दिली. चित्र पुरं झालं तेव्हा मला बरं वाटलं. आईनं श्राद्धाला झेंडूचा हार गुंफून ठेवला होता.

ती चित्रासमोर उभी राहिली आणि हार तिनं मागं घेतला. "ह्ये ते न्हाईत," म्हणाली. "ह्यो तू हायस, म्हातारपणीचा. पोटच्या पोराच्या तसबिरीला हार घालू व्हय मी?"

त्या वर्षी वडिलांचं पान चित्राशिवायच मांडलं. हार नदीत सोडला. मी चित्र टाकून देणार होतो, पण हात होईना, म्हणून म्हाताऱ्याच्या शेजारी टांगून ठेवलं, बिनहाराचं. मला वाटलं, वडील आता पुरते गेले.

दिवाळीनंतर नाना आले, वडिलांचे धाकटे भाऊ. आई चुलीपाशी होती. नाना दारातून आत आले, समोर बघितलं आणि तिथंच थबकले. खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, वहाणा काढल्या, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. माझ्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. "दादा," ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावून लहान पोरासारखे रडायला लागले. जरा सावरल्यावर त्यांनी विचारलं, "वैनी, दादाला हार का न्हाई घातला?"

आई ताट वाढायला लागली. नाना जेवले, दोन दिवस राहिले, गेले. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "मी कदी वर मान करून बगितलंच न्हाई रे त्यांच्याकडं. आधी सासू-सासरं व्हतं, मागनं सवयच ऱ्हायली. वाढताना ताटाकडं बगायचं, बोलताना भुईकडं. त्यांचं पाय म्हणशील तर हजारात वळकीन. शेवटाला त्यांचं तोंड उगडं केलं, तवा डोळ्यांत पाणी. काय दिसणार?"

माझा राग कुठल्या कुठं गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं कॅम्पातून फुलं आणली, हार केला, मला स्टूल धरायला लावून स्वतःच्या हातानं घातला. खाली उतरून तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि मान वर केली. बराच वेळ ती बघत होती. चेहऱ्यावरून हळूहळू नजर फिरवत होती, कपाळ, भुवया, नाक.

"असं व्हतं व्हय," ती म्हणाली.

गावचं घर आता नानांच्या मुलांकडं आहे, मागाचा खड्डा कधीच बुजवला. कुणी मला घर कुठलं विचारलं की मी पिंपरीची ती चाळीतली खोली सांगतो. वडील जितेपणी तिथं कधी आले नाहीत. पण माझ्या आईनं आपल्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते तिथं.