पहिल्या किकची कॉफी

स्कूटरचा प्लग काढला की अक्का आधी त्याचा वास घ्यायची. बघायची नंतर. तूप खवट झालंय का ते हुंगावं तसा नाकाशी धरून, डोळे मिटून. मग म्हणायची, "स्वल्प थांब की, तम्मा. किती तेल पाजलायस हिला!"

कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी पन्नाशी ओलांडलेला, हेब्बाळच्या ऑफिसात ज्याला सगळे सर म्हणतात असा माणूस. पण चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत, दूधवाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळ्यांच्या देखत, मी तम्मा. अक्का समोरच्या घरातली. लग्न होऊन बेळगावकडून इथे आली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झाली. आवाज मोठा, कुंकू मोठं, आणि स्वतःबद्दलचं मत त्याहून मोठं.

स्कूटर मात्र आमची. म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची. जुनी टू-स्ट्रोक, फिकट निळी, धूर सोडणारी. आता गल्लीतल्या सगळ्यांच्या बॅटरीवरच्या गाड्या मांजरासारख्या आवाज न करता निघून जातात, आणि मी आपला किक मारत उभा. ऑफिसला मी बसनेच जातो, गाडी बाहेर निघते ती संध्याकाळी भाजीपुरती. तरी स्कूटर रोज सकाळी चालू झालीच पाहिजे, हा अप्पांचा हुकूम. ते वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि ऐकायचे.

आमच्या घरात एक रीत होती. जो कोणी स्कूटर पहिल्या किकमध्ये चालू करेल, त्याला अप्पा वरून कॉफी सांगायचे. मेकॅनिक असो, पाहुणा असो. "कॉफी द्या रे त्याला!" एवढंच. मला ती कॉफी कधी मिळाली नाही. माझ्या हातून गाडी चालू व्हायची ती मी घामाघूम झाल्यावर, आणि तोवर अप्पांनी पेपर उघडलेला असायचा. तुम्ही म्हणाल, घरात कॉफीला काय तोटा? तोटा नव्हता. मला अप्पांच्या तोंडून ऐकायची होती.

आणि अक्काला ती जवळजवळ रोज मिळायची.

मी गाडीवर घाम गाळत असलो की ती दारातून बघत राहायची. बराच वेळ. मग साडीचा पदर कमरेला खोचून रस्ता ओलांडायची. मी तोवर सगळ्यांसारखं गाडीला एका अंगावर आडवी करून पेट्रोल हलवायच्या बेतात असायचो. "बेडा, बेडा!" ती ओरडायची. "आडवी करू नको. पोटात आधीच भरलंय तिच्या." मग पेट्रोलचा टॅप बंद, प्लग बाहेर, वास, पदराने पुसणं, दोन-चार रिकाम्या किका. प्लग परत बसवला की कंबरेवर एक हात ठेवून एकच किक. गाडी चालू.

खरा राग मला पुढच्या गोष्टीचा यायचा. गाडी चालू झाली की अक्का गाडीकडे बघायचीच नाही. मान वर करून गॅलरीकडे बघायची. आणि अप्पा हात वर करायचे. "अक्काला कॉफी द्या रे! साखर जास्त!"

माझा अगदी तिळपापड व्हायचा. बायको म्हणायची, "अहो, साठी उलटलेल्या बाईवर कसले जळता?" जळत होतो, खरंच जळत होतो. ती आमच्या पायरीवर बसून फुर्रकन कॉफी ओढायची तो आवाजसुद्धा मला सहन व्हायचा नाही.

त्यातून ती सगळ्या गल्लीला सांगत सुटायची, "मला अप्पांनीच शिकवलंय हो गाडी. मैदानावर. पहाटेच्या ड्यूटीला बस मिळायची नाही, यजमान फिरतीवर. अप्पा म्हणाले, चल, शीक." हे खरं होतं. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि गाडी मागितली की अप्पा म्हणायचे, "क्लच जाळशील." शेजारणीने जाळलेला चालत होता.

एकदा मात्र देव पावला. अक्काच्या हातूनही गाडी चालू होईना. प्लग झाला, टॅप झाला, चोक झाला, तिने किकवर किक मारल्या, बांगड्या वाजून वाजून थकल्या. मी गंभीर चेहरा करून बाजूला उभा होतो. मनात लाडू फुटत होते. मेकॅनिकला बोलावतो म्हणालो, ते सुद्धा जरा मोठ्यानेच, वरपर्यंत जाईल असं.

वर खुर्ची सरकली. थोड्या वेळाने जिन्यात काठी वाजली. गुडघ्यांमुळे अप्पा कित्येक महिन्यांत खाली उतरले नव्हते. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला हॉलवर आले नाहीत, घरी बसूनच आशीर्वाद दिला. ते भिंतीला धरून धरून उतरले आणि अक्काशेजारी स्टुलावर बसले.

"वायर बघ," अप्पा म्हणाले.

"बघितली की."

"परत बघ."

दोघांची डोकी इंजिनावर वाकलेली. प्लगची टोपी वायरीवर सैल झाली होती. अक्काने ती पिळून घट्ट बसवली, किक मारली, आणि दोघं लहान पोरांसारखी हसली. हरून सुद्धा तीच जिंकली. मी स्टूल उचलून आत नेलं.

मग तिचा गुडघा गेला. मुलगी एचएसआर लेआउटमध्ये राहते, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. ती न्यायला आली. जायच्या दिवशी अक्का काठी टेकत आमच्या गाडीपाशी आली. किकवर पाय ठेवला, आणि काढून घेतला.

"मारवत नाही, तम्मा."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. वाटलं, आता मैदान मोकळं.

"ऐक," ती म्हणाली. "तेल मापात घाल. माया म्हणून जास्त ओतू नको, प्लग काळा पडतोय. आणि घरी येताना फुलवालीच्या कोपऱ्यावर टॅप बंद करायचा. आतलं पेट्रोल पीत पीत गाडी दारापर्यंत येते. मग सकाळी तुंबत नाही. हे अप्पांनीच सांगितलेलं मला. तुला नाही सांगितलं?"

"नाही."

"तू विचारलं नसशील की," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थाप मारून मुलीच्या कारमध्ये बसली.

मी हट्टाने तो टॅप बंद करत नव्हतो. तिचं ऐकून गाडी चालू झाली तर ती पुन्हा तिचीच किक होणार. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, नवा प्लग घातला. गाडी रुसलेलीच. दरम्यान अप्पांनी अंथरूण धरलं. गॅलरी सुटली, खिडकीजवळची खाट आली. कोण आलं, कोण गेलं, याचा त्यांना मेळ लागेना. शाबूत राहिले ते फक्त कान. तेव्हा मी हट्ट सोडला. तेल मापात घातलं आणि संध्याकाळी भाजी घेऊन येताना फुलवालीच्या कोपऱ्यावर वाकून टॅप बंद केला.

सकाळी टॅप उघडला, चोक ओढला, कंबरेवर हात ठेवला, का ठेवला कुणास ठाऊक, आणि किक मारली. एकच. गाडी चालू झाली. गल्लीत निळा धूर भरला. माझी मान आपोआप वर गेली. गॅलरीत कोणी नव्हतं.

खिडकीतून अप्पांचा आवाज आला. बारीक, पण आनंदी.

"अक्का आली वाटतं! कॉफी द्या रे तिला. साखर जास्त."

बायको दारात आली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, मी आहे अप्पा, असं म्हणायला. मग गाडी तशीच चालू ठेवली, त्यांना ऐकू यावी म्हणून. बायकोने कॉफी आणली. मी पायरीवर बसलो आणि ती गोड कॉफी वर आवाज जाईल अशी फुर्रकन ओढली.